कर्लीच्या खाडीत बोटींना वेगमर्यादा हवी आहे. कशी आणावी?

माडाखालची

माझं माहेर मालवणजवळच्या देवबागला. ज्यांनी गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि मध्ये माडांची अरुंद पट्टी. त्या पट्टीवर आमची घरं. दक्षिणेला पट्टी संपते तिथे खाडी समुद्राला मिळते, तो संगम. समुद्राकडच्या धूपेबद्दल पुष्कळ बोललं जातं, बंधारे झाले, दगड पडले. मला मागच्या दाराबद्दल बोलायचंय.

आमच्या मागच्या दारी खाडीत उतरायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, आजोबांनी बांधलेल्या. लहानपणी शेवटची पायरी उतरली की लगेच पायाला रेव लागायची. या दिवाळीत गेले आणि त्या पायरीखाली हात घातला, तर कोपरापर्यंत आत गेला. खालची माती निघून गेलीय, पायरी अधांतरी आहे. शेजारच्या माडाची मुळं उघडी पडून पाण्यात लोंबतायत.

एक सकाळ तिथेच बसून काढली. बोट भरधाव जाते. आपल्याला वाटतं, गेली. मग काही सेकंदांनी काठाचं पाणी आधी मागे ओढलं जातं, पायरीखालची पोकळी उघडी पडते, आणि लाटा एकामागून एक आत आपटतात. परतणारं पाणी चहासारखं गढूळ. ते गढूळ पाणी म्हणजे आमच्या परड्यातली माती. ते निवळायच्या आत पुढची बोट. चाळीसपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. तेव्हा दुपारसुद्धा झाली नव्हती.

त्याच आठवड्यात खाडीतल्या त्सुनामी आयलंडच्या वाळूवर माझा नऊ वर्षांचा भाचा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. त्याच्यापासून दोन हातांवरून जेट स्की गेली. लागलं काही नाही, पण त्यानंतर तो पाण्यात उतरला नाही.

धूपेचा सगळा दोष बोटींचा आहे असं माझं म्हणणं नाही. वर वाळूचा उपसा झालाय, पावसाळ्यात पूर येतो, संगमाचं तोंड सरकत असतं. पण यातल्या बोटी उद्यापासून हळू होऊ शकतात. पूर हळू होणार नाही. पाण्यातल्या, बोटीवरच्या, काठावरच्या सगळ्यांनी लिहावं.

डोंगरवाट

ताई, आम्ही पुण्याहून गेलो होतो. बोटीत आमच्यातलेच दोघं सारखे म्हणत होते, "दादा, अजून जोरात घ्या." दादांनी घेतली. मागे कुणाची पायरी आहे हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. काठावर साधा फलक जरी असता तरी आम्ही तसं म्हटलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

सागरगोटा

बोटी बांधण्याच्या कामात माझी वीस वर्षं गेली, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. हे समजलं नाही तर चुकीची मर्यादा लागेल आणि काठ जास्तच जाईल.

बोट अगदी हळू असते तेव्हा ती पाणी कापत जाते, लाट नावालाच उठते. वेग दिला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते, पिछाडी खाली बसते, आणि बोट पाण्याचा ढिगारा मागे ओढत चालते. सगळ्यात मोठी लाट याच अवस्थेत उठते. अजून वेग दिला की बोट पाण्यावर चढते, तळ पृष्ठभागावरून घसरू लागतो आणि लाट पुन्हा लहान होते.

वीस-बावीस फुटी फायबर बोटीची पहिली अवस्था साधारण ६ नॉटला, म्हणजे ताशी ११ किलोमीटरला संपते. म्हणजे कुणी चांगल्या हेतूने "कमाल वेग १० नॉट" असा फलक लावला, तर सगळ्या बोटी नेमक्या सर्वात वाईट अवस्थेत काठाजवळून जातील. तुमच्या खाडीत त्यावर उथळ पाण्याची भर आहे. दीड मीटर खोलीच्या पाण्यात लाट जास्तीत जास्त साडेसात नॉटच्या आसपास वेगाने धावू शकते. बोट त्या वेगाला आली की तिची लाट सुटून जात नाही, बोटीबरोबरच साचत आणि वाढत राहते. ताई, आधी पाणी मागे ओढलं जातं असं तुम्ही लिहिलंत, ती उथळ पाण्यातल्या अशा मोठ्या लाटेची खूण असू शकते.

दुसरी गोष्ट, लाटेची ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. वीतभर लाटेऐवजी दोन वीत लाट आली की काठावरचा मार दुप्पट नाही, चौपट होतो. समुद्राकडच्या किनाऱ्याला अशा लाटांची सवय आहे, तिथली वाळू भरड आणि उतार पसरट. खाडीकडचा काठ मऊ गाळाचा, शांत पाण्यात तयार झालेला. त्याला वाऱ्याची मोठी लाट कधी माहीतच नव्हती, कारण मध्ये तुमची पट्टी आडवी आहे.

म्हणून मर्यादा हवी ती ५ नॉटची, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटर. आणि आकड्याच्या वर एक वाक्य हवं: मागे लाट उठता कामा नये. भरलेली बोट ५ नॉटलाही लाट उठवत असेल तर अजून हळू.

तांडेल_७

मी बोट चालवतो. माझ्या नावावर एक बोट आहे, कर्ज आहे. इथे सगळे बोटवाल्यांवर येणार हे दिसतंय म्हणून आधीच लिहितो.

वेग आम्हाला हौस म्हणून लागत नाही. त्सुनामी आयलंडची वाळू सुकतीलाच उघडी पडते. भरती चढली की तिथे उभं राहता येत नाही. म्हणजे दिवसाचे दोन-तीन तास कामाचे, आणि सगळे पर्यटक त्याच दोन-तीन तासांत हवे असतात. जो लवकर सोडून परत येतो त्याला दुसरी फेरी मिळते, तिसरी मिळते. हळू गेलो तर माझं गिऱ्हाईक शेजारची बोट घेऊन जाते. पावसाळ्याच्या तोंडावर सगळं बंद होतं ते गणपतीपर्यंत. उरलेल्या महिन्यांत वर्ष काढायचं असतं.

मी एकटा हळू गेलो तर काठ वाचणार नाही, फक्त माझा धंदा बुडेल. सगळ्यांना एकच नियम असेल तर मी पहिला पाळीन. आणि मर्यादा सबंध खाडीला नको. मधल्या खोल पाण्यात सोडा, काठाजवळ आणि माणसं असतील तिथे अडवा.

माडाखालची

दादा, हे सुकतीचं गणित माझ्या डोक्यात नव्हतं. माझं माहेर तिथलं असूनही. मी बोटवाल्यांच्या विरोधात नाही, माझे दोन चुलतभाऊ याच कामात आहेत.

कोरजायचो

मी कोरजायचो, तुमच्या समोरच्या काठाचो. पायऱ्यांची गोष्ट वाचलंय. लाट एकाच बाजूक जाणा नाय ताई, आमच्याकडे पण तीच गत आसा.

माझी आवस (आई) सुकतीक खुबे (शिंपले) काढूक जाता. कमरेभर पाण्यात, ओणवी. हात चिखलात, नजर खाली. बोटीचो आवाज येता, पण लाट येईसर उठाक जमणा नाय, सत्तर वर्सा झाली तिका. दोनदा पडली. दुसऱ्या टायमाक टोपली व्हावान गेली, सगळ्या सकाळची मेहनत. ती घराक इली आणि कोणाकडे कायेक बोलली नाय. दुसऱ्या दिवशी परत गेली.

होडयेत उभो रवान पाग टाकणाऱ्याक विचारा लाट म्हणजे काय ता. पर्यटकांची नावा सगळे घेतत, पण खाडयेत आधीपासून जी माणसा आसत ती नियमात खंय बसतली?

सागरगोटा

फार महत्त्वाचं लिहिलंत. नियम लिहिताना "पर्यटक" किंवा "पोहणारे" हे शब्द नकोतच. "पाण्यात असलेला कोणताही माणूस" असं लिहावं. खुबे काढणारी बाई त्यात आली, पाग टाकणारा आला, वल्ह्याची होडी आणि कयाकही वेगळ्या ओळीत यावी.

नांगर

व्यापारी जहाजांवर तीस वर्षं काढली, आता मालवणात स्थायिक. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यातला सहावा नियम 'सुरक्षित वेगा'चा. त्यात आकडा नाही. बोट टक्कर टाळू शकेल आणि परिस्थितीला साजेशा अंतरात थांबू शकेल, असाच वेग कायम ठेवावा, एवढंच सांगितलंय. तो ठरवताना काय काय बघायचं तेही दिलंय: किती दूरचं दिसतंय, आजूबाजूला किती गर्दी आहे, आपली बोट किती अंतरात थांबते आणि वळते, पाणी किती खोल आहे.

आता जेट स्कीकडे बघा. तिला सहसा ब्रेक नसतो. ती मागे फेकलेल्या पाण्याच्या झोताने पळते आणि वळतेही त्याच झोताने. घाबरलेला माणूस काय करतो? हात सैल सोडतो. झोत बंद, म्हणजे बहुतेक यंत्रांत वळणंही बंद. समोर माणूस दिसतोय, हँडल फिरवलंय, आणि यंत्र सरळच चाललंय. वेग ३० नॉट असेल तर दोन सेकंदांत ते तीसेक मीटर पुढे जातं. पर्यटकाला पाच मिनिटं शिकवून हे यंत्र माणसांच्या गर्दीत द्यायचं हे मला कधीच पटलेलं नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट इंजिनाच्या चाचणीदरम्यान आदळली, डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर सगळीकडे जीवरक्षक जाकिटांची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण माणसांनी भरलेल्या बोटीच्या किती जवळून किती वेगाने जायचं, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. जाकीट पाण्यात पडल्यावर कामाला येतं. अंतर आणि वेग त्याच्या आधी कामाला येतात.

ऑकलंडकर

न्यूझीलंडमधला नियम सांगते, तो लहान मुलांनाही पाठ असतो. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत कमाल ५ नॉट. दुसऱ्या बोटीपासून किंवा पाण्यातल्या माणसापासून ५० मीटरच्या आत कमाल ५ नॉट. इथे आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांच्या बोटीतून नेलं होतं. किनारा जवळ आला तसा त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीनेच आजोबांना आवाज दिला, आणि आजोबांनी लगेच मशीन उतरवलं. स्की खेळायला मात्र वेगळे पट्टे आखून दिलेले असतात, तिथे किनाऱ्यापर्यंत वेगाने येता येतं आणि तिथे पोहायला कुणी उतरत नाही. वर तांडेलदादा म्हणतायत तेच, सगळीकडे बंदी नाही.

भरतीवेळ

२०० मीटर कर्लीत कसं जमणार? खाडी काही ठिकाणी तेवढी रुंद असेल-नसेल. मग मध्ये उरलं काय?

ऑकलंडकर

बरोबर. आकडा तसाच उचलायचा नाही. ५० मीटरचा भाग उचलता येईल का ते बघा.

विंडरमियर_काठ

मी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टजवळ राहतो. विंडरमियर तलावावर १० नॉटची मर्यादा आहे. तिथे मुख्य वाद धूपेचा नव्हता, एकाच पाण्यावर वेगवान बोटी आणि शिडाच्या, वल्ह्याच्या बोटी, पोहणारे एकत्र कसे राहणार हा होता. नियम २००० साली मंजूर झाला, पण अमलात आला तो २९ मार्च २००५ ला. मधली पाच वर्षं वॉटर स्कीवाल्यांना दुसरी जागा, दुसरा धंदा शोधायला दिली होती. तरी कडवटपणा राहिलाच. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अजूनही त्या तलावावर जात नाहीत. पण मी दर उन्हाळ्यात मुलींना घेऊन तिथे पोहतो, आणि ते त्या नियमामुळेच शक्य आहे असं मला वाटतं.

व्हेनिसमध्ये तर बोटींच्या लाटांनी इमारतींचे पाये झिजतात, त्याला इटालियनमध्ये स्वतंत्र नाव आहे, 'मोतो ओंदोसो'. आपल्याकडेही या लाटेला एक नाव मिळालं तर लोकांना ती दिसू लागेल.

कोरजायचो

नाव कित्याक व्हया? लाट ती लाट.

भरतीवेळ

मी कयाकवर लोकांना वरच्या अंगाला, कांदळवनात नेते. माझ्या होडीचा काठ पाण्यापासून हातभरही वर नसतो. समोरून येणारी बोट दिसली की मी सगळ्यांना नाळ लाटेकडे वळवायला सांगते. आडवी लाट लागली तर नवखा माणूस उलटतो. गेल्या हंगामात एक आजी उलटल्या, पाणी छातीएवढंच होतं म्हणून निभावलं.

चिपीच्या झाडांखाली चिखलातून जी टोकदार मुळं वर आलेली असतात, ती श्वास घेणारी मुळं. ज्या वळणावर बोटी रोज जातात तिथे ती मुळं बोटभर होती, आता वीतभर उघडी दिसतात. मुळं वाढलेली नाहीत. चिखल खाली गेलाय.

आणि संगमाच्या बाहेर गादा, म्हणजे डॉल्फिन, बघायला जातात तिथलंही लिहिते. गादा दिसला की चहूबाजूंनी बोटी धावतात. तो बुडी मारतो, दुसरीकडे निघतो, परत सगळे तिकडे. पिल्लू बरोबर असेल तर ती मादी थकते हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे तो. मशीन लांबूनच मंद करून थांबलं तर तो स्वतः जवळ येतो, मी पाहिलंय. तांडेलदादा, तुम्हीही पाहिलं असेल.

तांडेल_७

पाहिलंय. मशीन बंद करून बसलो की पाच-दहा मिनिटांत येतात. पण बोटीतले पाचव्या मिनिटाला म्हणतात, चला, दुसरीकडे बघू.

सागरगोटा यांना विचारायचं होतं. काठाच्या पट्ट्यात ५ नॉटने गेलो तर फेरीला किती वेळ जास्त जाईल? आणि पेट्रोल?

सागरगोटा

समजा वस्तीजवळचा हळू जायचा पट्टा अर्धा किलोमीटर धरला. १५ नॉटने तो तुम्ही ६५ सेकंदांत पार करता. ५ नॉटने १९४ सेकंद लागतील. एका वेळेला दोन मिनिटं आणि दहा सेकंद जास्त. जाऊन-येऊन साडेचार मिनिटांच्या आत.

पेट्रोल वाचेल. नाळ वर करून पाणी ढकलत जाणाऱ्या बोटीइतकं पेट्रोल दुसऱ्या कुठल्या अवस्थेत वाया जात नाही.

तांडेल_७

साडेचार मिनिटं सगळ्यांची सारखीच गेली तर माझी तक्रार नाही. मग पाळी लावायची. धक्क्यावर नंबरानेच बोट सुटेल, आणि दर एकच. नंबर लागला की धावायचं कारणच उरत नाही. आमच्याकडे काही ठिकाणी नंबर चालतोच. खरा वेग कमी करणारी गोष्ट ती आहे, फलक नाही. हे तुम्ही कायद्यात लिहू शकत नाही, आम्हालाच बसून ठरवावं लागेल.

डोंगरवाट

पण पाळलं जातंय की नाही हे बघणार कोण? पोलिसांसारखी वेग मोजायची बंदूक कुणाकडे असणार आहे?

नांगर

बंदूक नको. काठावर १०० मीटर अंतराने दोन खांब रोवा. ५ नॉटने जाणाऱ्या बोटीला एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत ३९ सेकंद लागतात. त्याच्या आत पोचली तर वेग जास्त. प्रवाहाबरोबर जाताना थोडा फरक पडेल, काठाला लागून तो थोडकाच. शाळेतलं पोरगंसुद्धा मोबाईलवर मोजू शकतं. बोट चालवणाऱ्यालाही स्वतःचा अंदाज येतो. बहुतेक बोटींवर वेग दाखवणारं यंत्र नसतं, त्यामुळे ५ नॉट म्हणजे हाताखाली किती, हे आधी प्रत्येकाला कळायला हवं.

आणि कागदाचं: पाण्यावरचा नियम ग्रामपंचायत एकटी लावू शकत नाही. जलक्रीडेची परवानगी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. ठराव ग्रामसभेचा, अर्ज बंदर कार्यालयात, आणि अर्जाखाली बोटवाल्यांच्या सह्या. सह्या नसलेला अर्ज तक्रार वाटतो. सह्या असलेला अर्ज मागणी होतो.

माडाखालची

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मागच्या रविवारी गावी जाऊन आले. नांगरकाकांनी सांगितलं तसे भावाने आमच्या आणि शेजाऱ्यांच्या परड्यात दोन वासे रोवले, टेपने मोजून. तांडेलदादा स्वतःची बोट घेऊन आले, त्यांच्याबरोबर अजून तिघं. आधी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या अंदाजाने ५ नॉटने जा. पहिला १८ सेकंदांत पोचला, दुसरा २२. सगळ्यांनाच वाटत होतं आपण हळूच आहोत. तिसऱ्या फेरीला दादांची बोट ४० सेकंदांना आली. मी पायरीवर बसले होते. पाणी हललं, शेवटच्या पायरीला टेकलं आणि परत गेलं. गढूळ झालं नाही.

चौघांपैकी तिघांनी सह्या केल्या. चौथे म्हणाले, पलीकडच्या काठाच्या बोटी पाळणार असतील तर मी करतो. त्यांचं चुकीचं नाही. कोरजायचे दादा, तुमच्याकडच्या किती जणांना विचारता येईल?

अर्जात आतापर्यंत एवढं लिहिलंय: काठापासून आणि पाण्यातल्या कोणत्याही माणसापासून, वल्ह्याच्या होडीपासून, टाकलेल्या जाळ्यापासून ५० मीटरच्या आत ५ नॉट आणि लाट उठू न देणं. जेट स्की आणि बंपर राइडला वाळूपासून लांब, तरंगत्या बोयांनी आखलेला वेगळा चौकोन. कांदळवनाच्या अरुंद वळणांत सरसकट ५ नॉट. धक्क्यावर नंबर आणि एकच दर, हे बोटवाल्यांचं आपसातलं, अर्जाबाहेर.

कोरजायचो

सात जणांक विचारलंय. पाच तयार आसत. ऐतवारी येतंय, आवशीक पण हाडतंय, तिची सही पयली घेवा.

माडाखालची

घेणार. सुकती सकाळची आहे, म्हणून साडेसातलाच या. बोये मिळेपर्यंत खुणेला बांधायला रिकामे पाच लिटरचे कॅन लागतील, ज्यांच्याकडे असतील त्यांनी झाकणासकट आणा.